मॉक ड्रिल, सातवी ब

फळ्यावर लिहिलं: आपत्ती व्यवस्थापन.
मागच्या बाकावरून आवाज,
"मॅडम, व्यवस्थापन म्हणजे आवराआवर का जी?"
मी म्हटलं, हो, तेच. फक्त आधी करायची.

पुस्तिकेत एक हसरं कुटुंब आहे.
चौघे टेबलाखाली, भांग पाडून बसलेले,
वर फुलदाणी; भूकंपातही न हललेली.
खाली वाका, डोकं झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा.
धम्मदीपनं हात वर केला.
"आमच्या घरी टेबल नाही.
पलंग आहे, पण त्याच्याखाली
गव्हाचं पोतं आन् कूलरची मोटर."
वर्ग हसला. मग हळूहळू
आपापल्या पलंगाखाली डोकावल्यासारखा
गप्प झाला.

पान अकरा, पूर.
चित्रातली नदी निळी.
आमची निळी नाही. जिच्यावरून शहराला नाव पडलं
तिला आम्ही वर्षभर नाला म्हणतो,
कठड्यावरून निर्माल्य टाकतो, नाक दाबतो.
त्या रात्री ती घरात शिरली
तेव्हा मात्र सगळेच म्हणाले, नदी आली.

हुमेरा उभी राहिली, न विचारता.
"फ्रिज तरंगतो, मॅडम.
आधी फ्रिज, मग पलंग. कपाट आडवं पडते.
भावाला मी फ्रिजवर बसवलं होतं.
तसं करू नका."
एवढं बोलून बसली. ओढणीचं टोक
बोटाला गुंडाळत राहिली.
पुस्तिकेत फ्रिजबद्दल काही नव्हतं.
मी तिला खडू दिला.

त्यानंतरचे तीन तास मी शिकवले असं म्हणवत नाही.
त्यांनी गल्ल्या काढल्या. चुन्याच्या भट्टीपासून
पुलापर्यंत, प्रत्येक घर एक चौकोन.
दोन मजली घराला लाल टिकली.
ज्यांचं गेट रात्री कुलूपबंद, त्यांना किल्ली.
कुणाला चालता येत नाही,
कुणाची गाय खुंट्याला असते,
कोण इतकं घोरतं की हाक ऐकूच येत नाही,
भांडण असलं तरी
कोण जिना उघडेल.
(यावर बराच वाद झाला. तेजल उईके म्हणाली,
"रामटेके काकू उघडतील. शिव्या देतील, पण उघडतील.")

शुक्रवारी ड्रिल. शेंडे मामांनी
रुळाच्या तुकड्यावर घण घातला,
आणि सातवी ब खाली यायला
तीन मिनिटं दहा सेकंद.
सहावी अ दीड मिनिटात आलेली.
साहेबांनी घड्याळ दाखवलं, मला, वर्गाला नाही.
उशीर प्रणयमुळे. तो जिन्यातून परत फिरला होता,
डब्यासाठी.
"भाजी कोणती होती रे?"
"वांग्याची."
"आणि तेवढ्यासाठी?"
"डबा आईचा आहे जी. कामावर नेते ती, दुपारपाळीला."
शिस्त म्हणून मी रागावले.
काय बोलले ते आता आठवत नाही.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये
तो कागद पुन्हा उलगडला, साहेबांना द्यायच्या आधी.
कोपऱ्यात, पुलापलीकडे,
गल्लीच्या बाहेर एक चौकोन होता
जो मी सांगितला नव्हता.
हुमेराचं अक्षर:
मॅडम. खालचा मजला. एकट्या.
फोन सायलेंट ठेवतात.
आणि वेगळ्या पेनानं, वाकडंतिकडं:
जबाबदारी, धम्मदीप.

कोकाटे सर म्हणाले, "फारच मनावर घेतलं हो पोरांनी."
मी हो म्हटलं, घडी घातली,
साहेबांना उद्या देईन म्हटलं.

रात्री दहाला फोन वाजला. पाऊस नव्हता,
बाहेर नुसता उकाडा आणि कुणाच्या तरी टीव्हीवर बातम्या.
"मॅडम?"
"काय रे? काय झालं?"
"काही नाही जी. पाहत होतो, उचलता का."
थोडा वेळ त्याचा श्वास, मागे भांड्यांचा आवाज.
"उचलला. बरं. ठेवतो."